जुन्या मसल कार खरंच आटोपशीर होत्या का? (मापांसकट)

टेपवाला (धागाकर्ता)

ऑगस्टचा तिसरा शनिवार जवळ आला की आमच्या डेट्रॉइटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वुडवर्ड ड्रीम क्रूझचे (जुन्या गाड्यांच्या वार्षिक फेरीचे) फोटो पडायला लागतात, आणि त्यापाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं : "जुन्या गाड्या कशा आटोपशीर होत्या, आताच्या नुसत्या सुजल्यात." सगळे माना डोलावतात. अंगठे पडतात. विषय संपतो. मला म्हणायचंय की हे वाक्य फार तर अर्धं खरं आहे.

मापं इंचांत देतोय. मिलिमीटरवाल्यांनी २५.४ ने गुणावं.

फोर्ड मस्टँग. १९६५ ची : लांबी १८१.६, रुंदी ६८.२, उंची ५१, व्हीलबेस १०८. २०२४ ची : लांबी १८९.४, रुंदी ७५.४, उंची ५५ च्या आसपास, व्हीलबेस १०७. म्हणजे गाडी आठ इंचांनी लांब आणि सात इंचांनी रुंद झाली, पण पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर उलट इंचभर कमी झालं!

डॉज चॅलेंजर. १९७० ची : लांबी १९१.३, रुंदी ७६.१, उंची ५०.९, व्हीलबेस ११०. २००८ ची : लांबी १९७.७, रुंदी ७५.७, उंची ५७, व्हीलबेस ११६. रुंदी पुन्हा वाचा. 'ट्रकएवढी' म्हणून जिला नावं ठेवतात ती नवी चॅलेंजर जुनीपेक्षा अरुंद आहे. पण सहा इंचांनी उंच.

डॉजचीच चार्जर तर सरळ उलट्या दिशेला. १९६९ ची २०८ इंच लांब. २००६ साली त्याच नावाने चार दारांची आली ती २०० इंच.

शेव्हर्ले कॅमारो १९६७ : १८४.७ लांब, ७२.५ रुंद. शेवटच्या पिढीची, २०१६ : १८८.३ लांब, ७४.७ रुंद. पन्नास वर्षांत लांबी चार इंचसुद्धा वाढली नाही.

माझं म्हणणं एवढंच : लांबीला सूज नाही. सूज आहे ती उंचीला, दारांच्या जाडीला आणि वजनाला. मंडळी, हाणा.

---

वंगणमहर्षी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

---

डेट्रॉइटकर

टेपवाले, मापं बरोबर आहेत, पण तुम्ही एकाच टोपलीत दोन जातींचा माल भरलाय. मस्टँग, कॅमारो, बाराकुडा या पोनी कार, म्हणजे लहान गाडीच्या सांगाड्यावरच्या स्पोर्टी गाड्या. मूळ मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, साध्या, घरगुती कूपेत (दोन दारांच्या गाडीत) मोठ्या गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, कोंबलेलं. १९६४ ची पाँटिअ‍ॅक जीटीओ घ्या. ती बनवणाऱ्या कंपनीची मालक जनरल मोटर्स, आणि तिचा स्वतःचाच नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन घालायचं नाही. पाँटिअ‍ॅकवाल्यांनी ३८९ चं इंजिन वेगळं मॉडेल म्हणून न आणता टेम्पेस्ट ल मान्स या आपल्या मध्यम गाडीवर 'ऑप्शन' म्हणून लावलं आणि नियमाला बगल दिली. ती जीटीओ २०३ इंच लांब, व्हीलबेस ११५. सव्वापाच मीटरच्या जवळ! आणि ही त्या काळी 'मध्यम' गाडी.

मोठी कोणती मग? १९६५ ची शेव्हर्ले इम्पाला, २१३ इंच. ती त्या वर्षी दहा लाखांवर खपली. रस्त्यावर असल्या गाड्या असताना १८१ इंचांची मस्टँग लहान दिसणारच. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये ती आली तेव्हा तिच्याखाली सांगाडा फाल्कनचा होता, म्हणजे फोर्डच्या स्वस्तातल्या कॉम्पॅक्ट गाडीचा.

आता गंमत बघा. २००४ साली जीटीओ हे नाव परत आणलं, ऑस्ट्रेलियातली होल्डन मोनारो उचलून. लांबी १८९.८. आजोबांपेक्षा तेरा इंचांनी आखूड. लोकांनी 'ही जीटीओ वाटतच नाही' म्हणून नाकं मुरडली. तेव्हा गाडी मोठी झाली की ओरड आणि लहान झाली तरी ओरड!

---

टेपवाला

@डेट्रॉइटकर, मान्य. म्हणूनच चार्जर घेतली होती, ती मध्यम गटातलीच. थोडक्यात, पोनी कार थोड्या वाढल्या आणि मध्यम गटातल्या घटल्या, त्यामुळे २०१६ च्या सुमाराला सगळ्या १८८ ते २०० इंचांच्या पट्ट्यात येऊन बसल्या होत्या.

---

खडूस इंजिनियर

बॉडी स्ट्रक्चरमध्ये काम करतो. कंपनी विचारू नका.

गाडी शेजारी उभी असताना माणूस बंपर ते बंपर बघतच नाही. खिडकीच्या काचेची खालची कड आपल्या अंगाला कुठे येते ते बघतो. जुन्या कॅमारोत ती कड खाली, वर भरपूर काच, आणि टपाला आधार देणारे खांब बोटभर. नव्यात पत्रा वर चढलाय, काच फटीएवढी, खांब मनगटाहून जाड. लांबी तीच ठेवून हे एवढं केलं तरी गाडी दीडपट वाटते.

हे हौसेने झालेलं नाही. दारात आडवी पोलादी पट्टी घालणं अमेरिकेत १९७३ पासून सक्तीचं आहे. टप किती दाबाला टिकलं पाहिजे याचा नियमही त्याच वर्षापासूनचा, तेव्हा गाडीच्या वजनाच्या दीडपट. २००९ साली तो वजनाच्या तिप्पट केला. तिप्पट वजन झेलायचं तर खांब जाड होणार, दुसरा उपाय नाही. त्यात पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅगा टपाच्या कडेत, बाजूच्या एअरबॅगा सीटमध्ये, आणि दारात स्पीकर, काचेची मोटर, वायरिंग. १९६५ च्या मस्टँगच्या दारात काच, तिचं हँडल आणि हवा होती.

म्हणून रुंदी बाहेरून सात इंच वाढली तरी आत खांद्यांना सात इंच मिळालेले नाहीत. बरीचशी रुंदी दारांनीच खाल्ली.

उंचीचंही तसंच. जुन्या गाडीत माणूस पाय लांब पसरून जवळजवळ जमिनीवर बसायचा, मागचा बिचारा गुडघे हनुवटीला लावून. आता सीट उंच, डोक्यावर हेल्मेटपुरती जागा ठेवा, युरोपात विकायची तर पादचारी आपटला तर त्याचं डोकं थेट इंजिनवर जाऊ नये म्हणून बॉनेटखाली पोकळी ठेवा. चार-सहा इंच कुठे गेले कळलं?

चाकांबद्दल एक. १९६५ च्या मस्टँगची रिम १३ किंवा १४ इंचांची, आज १९-२०. पण रबर तेवढंच बारीक झालंय, त्यामुळे अख्खं चाक जेमतेम अडीच इंचांनी वाढलंय. डोळ्याला मात्र रिम दिसते, रबर दिसत नाही. शिवाय जुन्या गाडीत चाकं मडगार्डच्या आत दडलेली, डिकी मागे लांबच लांब लोंबणारी. नव्यांत चाकं चारी कोपऱ्यांवर, पत्र्याच्या कडेला टेकून. चार्जरची मापं बघा : लांबी आठ इंचांनी घटली आणि व्हीलबेस ११७ वरून १२० झाला. पत्रा कापला तो सगळा चाकांच्या पुढचा आणि मागचा.

---

मिशिगनची माई

आकडे राहू द्या बाजूला. मी रोज चॅलेंजर चालवते, नव्यातली. दार एवढं लांब की दुकानाच्या पार्किंगमध्ये शेजारी गाडी असेल तर पोटात श्वास घेऊन बाहेर पडावं लागतं. आत बसलं की हौदात उतरल्यासारखं वाटतं. मागे काय चाललंय ते कॅमेरा सांगेल तेवढंच. यांच्या मित्राची ७० ची चॅलेंजर एकदा फिरवली होती, तिच्यात चारी कोपरे दिसत होते! आता मला टेप दाखवून 'जुनी जास्त रुंद आहे' सांगितलंत तरी मी मानणार नाही.

हां, पण मुलं मागे नीट बसतात आणि डिकीत चार बॅगा जातात. यांचा आवडता कॅमारो बघायला गेलो होतो, त्याची डिकी उघडून मी मुकाट बंद केली.

---

खडूस इंजिनियर

@माई, दोन्ही खरं आहे. नवी चॅलेंजर स्वतःच्या सांगाड्यावर नाहीच, चार दारांच्या चार्जरचा सांगाडा चार इंचांनी कापून बनवली. म्हणून व्हीलबेस ११६ आणि म्हणून मुलांना जागा. डिकी १६.२ घनफूट. मस्टँगची १३.५, शेवटच्या कॅमारोची ९.१. कॅमारोने २०१६ साली कॅडिलॅक एटीएसचा सांगाडा घेऊन २०० पौंडांहून जास्त वजन उतरवलं, चालवायला तिघांत सगळ्यात चपळ झाली, आणि गिऱ्हाईक डिकी बघून परत गेलं. २०२४ नंतर बंद.

---

रपेटराव

पण ताकदीचं काय? ७० ची शेव्हर्लेची शेव्हेल एसएस, ४५४ घनइंचांचं इंजिन, ४५० घोडे! आताच्या गाड्यांना एवढं मोठं होऊनही...

---

टेपवाला

@रपेटराव, ते ४५० म्हणजे पट्टा-पंखा-सायलेन्सर काढून टेबलावर मोजलेले घोडे. १९७२ पासून मोजायची पद्धत बदलली. वेगळा धागा काढा, इथे इंच चालू आहेत. हलके घ्या.

---

कोथरूडचा प्रवासी

इकडची बाजू. २०१६ साली मस्टँग भारतात अधिकृतपणे आली, ६५ लाखांना, उजव्या स्टेअरिंगची. सोसायटीत एकाने घेतली आणि आठवडाभर चर्चा : केवढी ही धूड, पार्किंगमध्ये मावते कशी. मी कागदावरची मापं काढली. मस्टँग ४७८४ मिमी लांब, १९१६ रुंद. फॉर्च्युनर ४७९५ लांब. स्कॉर्पिओ-एन १९१७ रुंद! म्हणजे फॉर्च्युनरपेक्षा आखूड आणि स्कॉर्पिओपेक्षा मिलिमीटरभर अरुंद. पण स्कॉर्पिओला कुणी धूड म्हणत नाही, तिला 'दणकट' म्हणतात.

मस्टँगची अडचण इथे लांबी-रुंदीची नाहीच. जमिनीपासून १३७ मिमी. आमच्या गेटजवळचा गतिरोधक कुणी बांधला देव जाणे, त्याच्यावर ती तिरकी चढवावी लागते, आणि मागे रिक्षावाला हॉर्नवर हात ठेवून उभा.

---

डेट्रॉइटकर

मस्टँगची मधली गोष्ट राहून जातेय आणि खरी मजा तिथेच आहे. 'जुनी मस्टँग' म्हणजे कुठली? १९६५ ते १९७३ या आठ-नऊ वर्षांत ती जेवढी फुगली तेवढी पुढच्या पन्नास वर्षांत फुगली नाही.

६५ ची १८१.६. ६७ ला १८३.६, आणि रुंदी ६८.२ वरून ७०.९, कारण बॉनेटखाली ३९० घनइंचांचा बिग ब्लॉक (मोठ्या जातीचं इंजिन) बसवायचा होता. ६९ ला १८७.४. त्याच वर्षी ४२९ घनइंचांच्या इंजिनाची बॉस ४२९ काढली तेव्हा ते इंजिन काही केल्या मावेना. ब्रायटन गावात कार क्राफ्ट नावाची वर्कशॉप होती, तिथे गाड्या नेऊन शॉकअ‍ॅब्सॉर्बरच्या टॉवरची जागा बाहेर सरकवली आणि बॅटरी डिकीत टाकली. हे किती दिवस चालणार? म्हणून १९७१ ची मस्टँग मुळातच मोठी केली : लांबी १८९.५, रुंदी ७४.१, व्हीलबेस १०९. जनरल मोटर्समधून फोर्डचा अध्यक्ष म्हणून आलेल्या बंकी नुडसेनच्या काळात ती आखली गेली. गाडी बाजारात यायच्या आधीच, सप्टेंबर १९६९ मध्ये, त्याला घरी पाठवलं.

आता टेपवाल्यांचा २०२४ चा आकडा बघा : १८९.४. १९७१ ची मस्टँग आजच्या मस्टँगपेक्षा दशांश इंचाने लांब आहे. 'सुजल्यात' हे वाक्य ७१ सालीच लोक म्हणत होते आणि तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं.

मग फोर्डचा पुढचा अध्यक्ष आयाकोका याने सुई टोचली. १९७४ ची मस्टँग टू : १७५ इंच, व्हीलबेस ९६.२. पहिल्या वर्षी व्ही-८ मिळतच नव्हतं. आज तिला सगळे हसतात, पण ऑक्टोबर १९७३ च्या तेलबंदीनंतर पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या तेव्हा हीच गाडी हातोहात गेली. मला ती दिसायला आवडत नाही. पण 'आटोपशीर हवी' म्हणणाऱ्यांपैकी कुणी मस्टँग टू शोधताना मी पाहिलेला नाही.

---

वंगणमहर्षी

शेवटच्या वाक्याला दंडवत.

---

खडूस इंजिनियर

डेट्रॉइटकरांना एक जोड. इंजिनामुळे गाडी रुंद होते हे आजही खरं आहे, पण घनइंचांमुळे नव्हे. आताचं मस्टँगचं ५ लिटरचं कोयोटी आणि जुनं ३०२ घनइंचांचं, क्षमता जवळपास सारखी. पण कोयोटीला दोन्ही बाजूंना दोन-दोन कॅमशाफ्ट (झडपा उघडणारे दांडे), तेही डोक्यावर, त्यामुळे ते जुन्यापेक्षा कितीतरी रुंद आहे. शेव्हर्लेने एकच कॅमशाफ्ट पोटात ठेवायची जुनी पद्धत सोडली नाही, म्हणून त्यांचं ६.२ लिटरचं इंजिन आकाराने लहान. जुन्या गाडीत नवं इंजिन बसवणारे बहुतेक शेव्हर्लेचंच का उचलतात त्याचं उत्तर यात आहे.

---

गॅरेजवाला बापू

सगळं वाचलं. माझा प्रश्न व्यवहाराचा. डेट्रॉइटजवळ रॉयल ओकमध्ये जुनं घर आहे, मागे एका गाडीचं सुटं गॅरेज. आतून १८ फूट खोल, १० फूट रुंद, दार ८ फुटी. ६९ ची चार्जर घ्यायचं डोक्यात आहे. मावेल?

---

टेपवाला

मावेल आणि मावणार नाही. १८ फूट म्हणजे २१६ इंच. चार्जर २०८. पुढे-मागे मिळून आठ इंच. बंपर भिंतीला टेकवून दार बंद होईल, पण डिकी उघडायची तर गाडी आधी बाहेर काढा. रुंदीला १२० मधून साडेश्याहत्तर वजा, दोन्हीकडे पावणेबावीस इंच. माईंनी सांगितलेलं लांब दार आठवा, जुन्या कूपेचंही काही आखूड नाही.

७० ची चॅलेंजर घेतलीत तर जवळपास २५ इंच उरतात. पण ती चार्जरएवढीच रुंद, कारण डॉजची मालक क्रायसलर, तिला त्या पत्र्याखाली ४४० आणि ४२६ हेमी ही मोठी इंजिनं घालायची होती. ६५ ची मस्टँग ठेवलीत तर ३४ इंच उरतात आणि भिंतीला फळी ठोकून पानेसुद्धा ठेवता येतील.

---

मिशिगनची माई

बापू, बायकोच्या सायकली, बर्फ काढायचं मशीन, कुंड्या हे धरलंत का मापात? नाही ना?

---

गॅरेजवाला बापू

माई, ते शेड बांधून तिकडे जाणार असं ठरलंय. म्हणजे मी ठरवलंय.

आणि नवी इलेक्ट्रिक चार्जर? मुलगा म्हणतो तीच घ्या.

---

खडूस इंजिनियर

२०२४ ची चार्जर डेटोना : लांबी २०६.६, रुंदी ७९.८, व्हीलबेस १२१. लांबीला ६९ च्या जेमतेम दीड इंच आत आली आहे, म्हणजे मधली घट भरून निघाली. रुंदीला तीन इंच पुढे. तुमच्या गॅरेजात दोन्हीकडे वीस-वीस इंच, आरसे मिटून. मागे अख्खं काचेसकट उघडणारं दार आहे, त्याला तर अजून जागा लागणार.

पण मला टोचतं ते वजन. जुनी चार्जर ४४० इंजिनासकट साधारण ३,७००-३,८०० पौंडांची. ही, तिच्या स्कॅट पॅक प्रकारात, ५,८३८. किलोत २,६५० च्या आसपास. बाहेरून जवळपास तेवढीच गाडी, आणि आत दोन हजार पौंड जास्त, त्यात १०० किलोवॉट-तासाची बॅटरी. टेपवाल्यांचं मूळ म्हणणं मला पटतं ते इथे. लांबी-रुंदीवर भांडण्यात अर्थ नाही, काट्यावर घाला. ६५ ची व्ही-८ मस्टँग १,३०० किलोच्या आसपास, आजची व्ही-८ वाली मस्टँग जीटी साडेसतराशे. लांबीत चार टक्के वाढ, वजनात तीसच्या वर.

---

रपेटराव

म्हणजे ताकदीचा धागा काढायलाच हवा.

---

डेट्रॉइटकर

काढा काढा.

बापू, माझं ऐका, ६५ सोडा आणि ६७-६८ ची मस्टँग बघा. लांबी दोनच इंचांनी जास्त, रुंदीला पावणेतीन, म्हणजे तुमच्या गॅरेजाला फरक पडत नाही, पण बॉनेटखाली हात घालायला जागा मिळते आणि उद्या हुक्की आली तर मोठं इंजिन बसतं. मात्र मिशिगनची गाडी असेल तर रंग बघून भुलू नका. इथलं रस्त्यावरचं मीठ तळ खातं. गालिचा उचलून तळाचा पत्रा दाबून बघा, आणि समोरच्या काचेखाली जी हवेची जाळी आहे तिच्यात तांब्याभर पाणी ओता. पाणी चाकांमागून खाली आलं तर ठीक, पायाशी आलं तर किमतीतून घसघशीत रक्कम कमी करायला लावा.

---

गॅरेजवाला बापू

विकणाऱ्यासमोर पाणी ओतू?

---

डेट्रॉइटकर

त्याच्यासमोरच. नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा.